अल्फाझीरो विरुद्ध स्टॉकफिश ८ : एकाच जोडीच्या दोन चाचण्या

५ डिसेंबर २०१७ रोजी गूगलच्या डीपमाइंड या कृत्रिम बुद्धिमत्ता कंपनीच्या संशोधकांनी एका निबंधाची पूर्वप्रत खुली केली. स्वतःशीच खेळून बुद्धिबळ शिकलेल्या अल्फाझीरोने स्टॉकफिश ८ या अव्वल बुद्धिबळ इंजिनाशी, म्हणजे बुद्धिबळ खेळणाऱ्या संगणक-प्रणालीशी, १०० डाव खेळले होते. त्यांपैकी २८ जिंकले, ७२ बरोबरीत सुटले, हरला एकही नाही. वर्षभराने, ७ डिसेंबर २०१८ रोजी, 'सायन्स' नियतकालिकात समीक्षित निबंध आला आणि त्यात याच जोडीची दुसरी, खूप मोठी लढत होती: १००० डाव, १५५ विजय, ६ पराभव, ८३९ बरोबरी. पहिल्या निकालाचा एलो (खेळाडूंची ताकद मोजणारे मानांकन) फरक १०० गुणांचा, दुसऱ्याचा ५२ गुणांचा.

ताकद मोजणाऱ्यांसाठी यापेक्षा चांगले प्रकरण सापडणे कठीण आहे. दोन इंजिनांच्या लढतीतून येणारा आकडा कधीच नुसत्या इंजिनांचा नसतो. त्यात वेळ, मेमरी, यंत्र आणि सुरुवातीच्या चाली हे सगळे मिसळलेले असते. इथे ते मिसळणे दोन्ही लढतींच्या आकड्यांतून प्रत्यक्ष तपासता येते.

पहिल्या लढतीची मांडणी

दोघांनाही प्रत्येक चालीला ठरावीक १ मिनिट. स्टॉकफिशला ६४ थ्रेड (समांतर चालणारे शोध) आणि १ जीबी हॅश (आधी तपासलेल्या स्थितींचे निष्कर्ष साठवणारा तक्ता). अल्फाझीरो ४ टीपीयू (न्यूरल जाळ्यांच्या हिशेबासाठी गूगलने बनवलेल्या खास चिप) असलेल्या एका यंत्रावर. ओपनिंग बुक (सुरुवातीच्या तयार चालींचा संग्रह) नाही, सगळे डाव मूळ मांडणीपासून. स्टॉकफिश सेकंदाला सुमारे ७ कोटी स्थिती तपासत होता, अल्फाझीरो सुमारे ८० हजार. प्रशिक्षण ९ तासांचे होते. पण त्या ९ तासांत स्वतःशी डाव खेळण्यासाठी पहिल्या पिढीचे ५००० टीपीयू आणि अल्फाझीरोचे न्यूरल जाळे (डावांतून शिकणारी गणितरचना) शिकवण्यासाठी दुसऱ्या पिढीचे ६४ टीपीयू राबत होते, आणि ४.४ कोटी डाव खेळले गेले. '४ तासांत बुद्धिबळ शिकला' हे वाक्य खूप फिरले. त्यातले ४ तास खरे आहेत (तेवढ्यात तो स्टॉकफिशच्या पुढे गेला होता), फक्त ते इतक्या यंत्रांचे ४ तास आहेत.

डाव १०० झाले, खुले केले गेले १०. जिंकलेल्या डावांतून वेचक १० दिले की शैली कळते, ताकद कळत नाही. तिसऱ्या माणसाला सगळे डाव हवे असतात: पुनरावृत्ती किती झाली, बरोबऱ्या कशा झाल्या, कुठे इंजिनाचे मूल्यमापन घसरले, हे पाहायला.

२८-७२-० चा हिशेब

गुण काढायचे: २८ अधिक ७२ चे अर्धे, म्हणजे १०० पैकी ६४. गुणांचे प्रमाण स मानले तर एलो फरक = ४०० × लॉग (स ÷ (१ − स)), लॉगचा पाया १०. ०.६४ ला ०.३६ ने भागून १.७८, त्याचा लॉग ०.२५, म्हणून फरक १०० गुण.

आता चूकमर्यादा. प्रत्येक डावाचा निकाल १, ०.५ किंवा ० असतो. या १०० निकालांचे प्रमाण विचलन ०.२२४५ येते. ते १०० च्या वर्गमुळाने भागून १.९६ ने गुणले की ०.०४४. म्हणजे ९५ टक्के खात्रीने गुणांचे प्रमाण ५९.६ ते ६८.४ टक्क्यांत, आणि एलोत ६८ ते १३४. निकालाची दिशा मात्र पक्की आहे. दोघे समान ताकदीचे असते, तर निकाली लागलेल्या २८ ही डावांत अल्फाझीरोच जिंकण्याची शक्यता साधारण २७ कोटींत एक. त्यामुळे 'शंभरच डाव होते, नशीब असेल' हा आक्षेप टिकत नाही. १०० डावांतून कोण वरचढ ते कळले. किती वरचढ, ते या पट्ट्याच्या रुंदीत हरवले.

पांढरी आणि काळी मोहरी वेगळी केली की आणखी काही दिसते. पांढऱ्याने अल्फाझीरोचे २५ विजय आणि २५ बरोबऱ्या, म्हणजे ७५ टक्के, एलोत १९१. काळ्याने ३ विजय आणि ४७ बरोबऱ्या, ५३ टक्के. एलोत फक्त २१. एकूण १०० हा आकडा या दोन अगदी वेगळ्या वागणुकींवर ओढलेले पांघरूण आहे. मूळ मांडणीपासून, बुकाविना, तीच तीच सुरुवात येत असेल, तर काळ्याने एका विशिष्ट प्रकारच्या स्थितीत पुन्हापुन्हा सापडणे शक्य असते. तसे झाले तर १०० डावांतली स्वतंत्र माहिती १०० डावांइतकी राहत नाही, आणि वर काढलेली चूकमर्यादाही खऱ्यापेक्षा लहान ठरते.

त्याच पूर्वप्रतीत एक दुसरे कोष्टक होते, ज्याच्याकडे फार थोड्यांनी पाहिले. माणसांच्या खेळातल्या १२ लोकप्रिय सुरुवाती घेऊन प्रत्येकीवर १०० डाव: इंग्लिश, क्वीन्स गॅम्बिट, फ्रेंच, सिसिलियन, रुय लोपेझ, कारो-कान वगैरे. एकूण १२०० डावांत अल्फाझीरोचे २९० विजय, ८८६ बरोबऱ्या, २४ पराभव. गुण ६१.१ टक्के, एलो फरक ७८, मर्यादा ६९ ते ८८. म्हणजे सुरुवातींत विविधता आणताच 'एकही पराभव नाही' ही गोष्ट संपली. एलोचा आकडाही खाली आला, पण ६९-८८ हा पट्टा ६८-१३४ च्या आतच बसतो. म्हणून विविधतेमुळेच फरक घटला असे या आकड्यांवरून म्हणता येत नाही. इतके मात्र म्हणता येते की दोघांतले अंतर सांगायला या १२०० डावांचा आकडा जास्त भरवशाचा होता, आणि चर्चा १०० डावांच्या आकड्याची झाली.

आक्षेप कशाकशावर होते

स्टॉकफिशच्या मूळ लेखकांपैकी टोर्ड रोमस्टाड यांनी तेव्हाच जाहीरपणे बोट ठेवले ते वेळेवर, हॅशवर, थ्रेडच्या संख्येवर आणि वर्षभर जुन्या आवृत्तीवर. स्टॉकफिश ८ नोव्हेंबर २०१६ चा होता. यांतले प्रत्येक दुखणे वेगळ्या जातीचे आहे.

हॅशचे सर्वात सोपे, कारण ते मोजता येते. स्टॉकफिश ८ मध्ये ३२ बाइटांच्या एका गटात ३ नोंदी मावतात. १ जीबीत असे सुमारे ३.३५ कोटी गट, म्हणजे जवळपास १० कोटी नोंदी. सेकंदाला ७ कोटी स्थिती या वेगाने एका मिनिटात ४२० कोटी स्थिती पाहिल्या जातात. प्रत्येक स्थिती नवी जागा घेत नाही. बऱ्याच स्थिती आधीच्याच असतात. तरीही जागेच्या चाळीसपट रहदारी म्हणजे कष्टाने काढलेले खोल निष्कर्ष पुसले जाणार आणि इंजिन तेच काम पुन्हा करणार. शिवाय ६४ थ्रेड एकमेकांचे निष्कर्ष वाचतात ते याच तक्त्यातून. तक्ता अपुरा पडला की थ्रेडांचा समन्वयच बिघडतो.

वेळेचा मुद्दा अधिक खोल आहे. स्टॉकफिशमध्ये वेळ वाटण्याचा भाग वर्षानुवर्षे घासून तयार झालेला आहे. सर्वोत्तम चाल बराच वेळ बदलली नाही तर तो लवकर खेळतो. मूल्यमापन घसरू लागले तर थांबून अधिक खोल पाहतो. चालीला सक्तीचे १ मिनिट दिले की हा भाग पूर्ण बंद पडतो. मोहऱ्याला मोहरे घेण्याची एकच शक्य चाल असली तरी ६० सेकंद, आणि डाव हातून निसटत असतानाही ६० सेकंद. ज्याच्या रचनेत हे कौशल्य आहे त्याचेच यात नुकसान जास्त. दोघांना समान वेळ दिली होती, पण ती सारख्याच उपयोगाची नव्हती.

थ्रेडचे तिसरे दुखणे. स्टॉकफिशमधला प्रत्येक बदल फिशटेस्ट या सामायिक चाचणीयंत्रणेतून जातो आणि तिथल्या बहुतेक चाचण्या एका थ्रेडवर होतात. ६४ थ्रेडवरचे वागणे तेव्हा फारसे तपासलेलेच नव्हते.

यंत्रांच्या तुलनेला मात्र सरळ उत्तर नाही. पहिल्या पिढीचा एक टीपीयू सेकंदाला ९२ लाख कोटी ८-बिट क्रिया करतो. पण स्टॉकफिशला त्या प्रकारच्या गुणाकारांचा काहीच उपयोग नव्हता. किंमत समान धरावी, वीज समान धरावी की चिपचे क्षेत्रफळ? प्रत्येक मापाने वेगळे उत्तर येते. एकच 'न्याय्य' माप शोधत बसण्यापेक्षा, माप बदलल्यावर निकाल कुठे उलटतो ते शोधणे हा उपाय आहे.

दुसरी लढत

'सायन्स'मधल्या चाचणीत स्टॉकफिशला ४४ भौतिक कोअरवर ४४ थ्रेड, ३२ जीबी हॅश आणि सिझिजी एंडगेम तक्ते (थोडीच मोहरी उरलेल्या स्थितींचा अचूक निकाल सांगणारे) मिळाले. वेळ प्रत्येक डावात प्रत्येक बाजूला ३ तास अधिक प्रत्येक चालीला १५ सेकंद, म्हणजे वेळ वाटण्याचे स्वातंत्र्य परत. ही मांडणी टीसीईसी या इंजिन-स्पर्धेच्या २०१६ च्या महाअंतिम लढतीला धरून होती; तिथे स्टॉकफिशच विजेता ठरला होता. अल्फाझीरोला पहिल्या पिढीचे ४ टीपीयू आणि ४४ कोअर. वेग या वेळी ६० हजार विरुद्ध ६ कोटी स्थिती प्रतिसेकंद.

केवढे काम होते ते पाहा. दोन्ही बाजूंच्या ७०-७० चाली आणि सगळी वेळ वापरली असे धरले, तर एक डाव साडेसहा तासांचा. १००० डाव एकाच यंत्रावर ओळीने खेळवले तर नऊ महिने. इतक्या लांब वेळेवर इतके डाव खेळवणे हौशी गटाच्या आवाक्यातले नाही.

गुण ५७४.५, म्हणजे ५७.४५ टक्के. एलो ५२, मर्यादा ४४ ते ६०. पट्टा ६६ गुणांवरून १६ गुणांवर आला.

या निबंधाचे खरे बळ मात्र मुख्य लढतीपेक्षा तिच्या भोवतीच्या चाचण्यांत आहे. संशोधकांनी आक्षेप एकेक करून वेगळा काढला. आवृत्ती जुनी? मग १३ जानेवारी २०१८ ची विकासातली आवृत्ती घेतली, जी स्टॉकफिश ९ च्या जवळची होती. बुक नव्हते? मग तगड्या ओपनिंग बुकासह स्टॉकफिश खेळवला. त्याने काळ्या मोहऱ्यांच्या अल्फाझीरोला बरेच डाव हरवले, तरी लढत हरला. सुरुवाती एकसुरी? मग टीसीईसीच्या २०१६ च्या महाअंतिम लढतीतल्या ५० सुरुवाती, प्रत्येक दोन्ही रंगांनी. यंत्र जास्त ताकदीचे? मग अल्फाझीरोची वेळ कमी कमी करत नेली; स्टॉकफिशच्या एक दशांश वेळेतही तोच वरचढ राहिला. यंत्रांच्या वादावर हेच सर्वात समर्पक उत्तर होते. टीपीयूला दहापट अवाजवी मानले तरी निष्कर्षाची दिशा बदलत नाही. अशी चाचणी पहिल्याच निबंधात असती, तर वर्षभराचा वाद बराच आटोपशीर झाला असता.

१०० वरून ५२ : याचे श्रेय कोणाला

इथे घाई होते. 'स्टॉकफिशवर झालेला अन्याय ४८ एलोचा होता' असा निष्कर्ष बरेच जण काढतात आणि तो चुकीचा आहे. दोन लढतींत हॅश, वेळ, थ्रेड, कोअर, एंडगेम तक्ते असे सगळे एकदम बदलले. त्यातून एका घटकाचा वाटा काढता येत नाही.

शिवाय विचारवेळ वाढला की बरोबऱ्या वाढतात. पहिल्या लढतीत त्या ७२ टक्के होत्या, दुसऱ्यात ८४ टक्के. बरोबऱ्या वाढल्या की गुणांचे प्रमाण ५० टक्क्यांकडे सरकते आणि एलो फरक आपोआप आकुंचन पावतो, ताकदीतले नाते तेच असले तरी. म्हणून वेगवेगळ्या वेळेवर मोजलेले एलो एकमेकांतून वजा करू नयेत. निकाली डावांचे प्रमाण सोबत ठेवले तर चित्र जास्त स्पष्ट होते: १५५ ला ६. दुसऱ्या लढतीतही निकाली लागलेल्या प्रत्येक २७ डावांपैकी २६ अल्फाझीरोचे होते.

घरच्या संगणकावर हीच काळजी

८ कोअरचा साधा संगणक असेल तर क्यूटचेस किंवा फास्टचेस या मोफत साधनांनी सामने लावता येतात. दोन्ही इंजिनांना एकेक थ्रेड, वेळ १० सेकंद अधिक चालीला ०.१ सेकंद, हॅश १६ एमबी. वेळ ६० अधिक ०.६ केली तर हॅश ६४ एमबी. फिशटेस्टही हेच आकडे वापरते. प्रतिस्पर्ध्याच्या वेळेत विचार करणे बंद ठेवायचे. मग एका डावात एका वेळी एकच इंजिन चालते आणि ८ कोअरवर ७ डाव समांतर चालवता येतात. आठवा कोअर यंत्रणेसाठी मोकळा. हायपरथ्रेडिंगमुळे संगणक १६ कोअर दाखवतो, त्याला भुलून १५ डाव लावले तर दोन इंजिने एकाच भौतिक कोअरवर भांडतात आणि लहान वेळेत निकाल गढूळ होतो. लॅपटॉपवर तर तासाभरात उष्णतेने वेग उतरतो. वेग सगळ्यांचा सारखा उतरला तर निकाल फारसा वाकडा होत नाही, पण प्रत्यक्षात ती चाचणी तुम्ही लिहून ठेवलेल्या वेळेपेक्षा कमी वेळेची झालेली असते.

सुरुवातीचे संच मोठे घ्यावेत आणि प्रत्येक सुरुवात रंग बदलून दोनदा खेळवावी. हा जोडडाव हेच मोजमापाचे एकक. एखादी सुरुवात पांढऱ्याला इतकी अनुकूल असेल की दोन्ही डाव पांढराच जिंकतो, तर जोडीचा निकाल १-१ होतो आणि ती तुलनेत काहीच भर घालत नाही. चूकमर्यादा डावांवर काढण्याऐवजी जोड्यांच्या ०, ०.५, १, १.५, २ या पाच निकालांवर काढली तर ती खरी येते, आणि बहुधा लहानही. आजची इंजिने समतोल सुरुवातीतून जवळजवळ नेहमीच बरोबरी करतात. म्हणून मुद्दाम पांढऱ्याकडे झुकलेल्या सुरुवातींचे संच आता सर्रास वापरले जातात.

डाव किती? ६० टक्के बरोबऱ्या धरल्या तर ५ एलोचा फरक ९५ टक्के खात्रीने पकडायला सुमारे ७४०० डाव लागतात. वरच्या मांडणीत एक डाव साधारण अर्ध्या मिनिटाचा, ७ समांतर. म्हणजे दहा तास, एक रात्र. १ एलो पकडायचा तर पंचवीसपट. २०० डावांवरून 'नवी आवृत्ती १० गुणांनी वाढली' असे लिहिलेले दिसले तर ते सोडून द्यावे.

फक्त 'सुधारणा आहे की नाही' एवढेच हवे असेल तर क्रमिक कसोटी बरी. ० एलो विरुद्ध २ एलो असे दोन दावे मांडायचे, दोन्हीकडची चूक ५ टक्के धरायची, आणि संभाव्यतेच्या गुणोत्तराचा नैसर्गिक लॉग +२.९४ किंवा −२.९४ ला लागेपर्यंत डाव चालू ठेवायचे. पण या मर्यादा आधी ठरवायच्या. निकाल आवडला म्हणून मध्येच थांबलात, तर ५ टक्के चूक कागदावरच राहते. आणि कसोटी थांबली त्या क्षणीचा एलो आकडा मोजमाप म्हणून वापरू नये; अनुकूल वळणावर थांबल्यामुळे तो फुगलेला असतो.

नोंदवहीत दोन रकाने हवेतच: वेळ संपून हरलेले डाव आणि इंजिन कोसळून हरलेले डाव. साधने दोन्हींना साधा पराभव मानतात. असे पराभव शेकड्याला एकापेक्षा जास्त दिसले तर आधी यंत्राची मांडणी तपासावी आणि चाचणी पुन्हा लावावी.

न्यूरल इंजिन ग्राफिक्स कार्डावर आणि दुसरे कोअरवर, अशी जोडी असेल तर अल्फाझीरोच्याच पूर्वप्रतीतून एक कामचलाऊ माप रूढ झाले: ७ कोटी भागिले ८० हजार, म्हणजे ८७५. आपल्या यंत्रावर दोन इंजिनांच्या वेगाचे गुणोत्तर त्याच्याशी ताडून पाहतात. याला, पुढे येणाऱ्या लीला या न्यूरल इंजिनावरून, लीला गुणोत्तर म्हणतात; ते १ आले की वेगांचे प्रमाण अल्फाझीरोच्या लढतीइतकेच. जाळ्याचा आकार बदलला की वेग बदलतो, म्हणून हे माप ढोबळच. तरी ते निकालासोबत लिहिणे न लिहिण्यापेक्षा फार चांगले.

पुढे काय तपासता आले

अल्फाझीरो खुला झाला नाही, त्यामुळे बाहेरून कोणी ती लढत पुन्हा घेऊ शकले नाही. तोच मार्ग धरून २०१८ मध्ये लीला चेस झीरो हा खुला प्रकल्प सुरू झाला. २०१९ मध्ये टीसीईसीच्या १५ व्या हंगामाच्या महाअंतिम लढतीत लीलाने स्टॉकफिशला ५३.५-४६.५ असे हरवले: १४ विजय, ७ पराभव, ७९ बरोबऱ्या. साध्या हिशेबाने फरक २४ एलो, पण ९५ टक्क्यांचा पट्टा उणे ७ ते अधिक ५६. विजेतेपद रीतसर मिळाले, ताकदीचा निवाडा त्या १०० डावांनी झाला नाही. २०२० मध्ये स्टॉकफिशनेच कोअरवर वेगाने चालणारे छोटे न्यूरल जाळे स्वीकारले, आणि त्या वर्षी सप्टेंबरमध्ये स्टॉकफिश १२ ते घेऊन आला.

आज कोणी मानांकन यादीतला स्टॉकफिश ८ चा आकडा घेतो, त्यात ५२ मिळवतो आणि अल्फाझीरोला यादीत बसवून आजच्या इंजिनांशी तुलना करतो. हे करू नये. ते ५२ गुण ४४ कोअर, ३२ जीबी आणि ३ तासांच्या डावांचे आहेत. यादीतले अंतर वेगळ्या यंत्रावर, वेगळ्या वेळेवर, वेगळ्या सुरुवातींवर मोजलेले असते. जवळचे उत्तर हवे असेल तर एकच रस्ता उरतो: लीलाची एखादी जुनी आवृत्ती लीला गुणोत्तर १ च्या आसपास ठेवून, याच मांडणीत, स्टॉकफिश ८ विरुद्ध खेळवायची आणि तिचे गुण ५६.३ ते ५८.६ टक्क्यांच्या पट्ट्यात येतात का ते पाहायचे. आले, तर निदान या एका प्रतिस्पर्ध्यापुरती ती अल्फाझीरोची बदली म्हणून घेता येईल, आणि मग तीच आवृत्ती त्याच यंत्रावर आजच्या स्टॉकफिशसमोर बसवता येईल.